हिरवा दिवा का लुकलुकला?

मुलांनो, लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध, एक बारीकसा काळा ठिपका असतो. पाहिलाय ना? तो कॅमेरा. काही लॅपटॉपमध्ये त्याच्या शेजारीच एक इवलासा दिवा असतो. कॅमेरा सुरू झाला की दिवा लागतो, बंद झाला की विझतो. परगावच्या मामाशी किंवा मावशीशी व्हिडिओवर बोलताना तो तुम्ही पाहिला असेल. पण समजा, तुम्ही कोणाशीच बोलत नाही आहात. खोलीत एकटे बसून गणितं सोडवताय. आणि तो दिवा क्षणभर लागून विझला. तर?

अमेरिकेतल्या काही मुलांना असाच दिवा दिसत होता. त्या दिव्याची ही हकीगत. तशी जुनी आहे, २००८ ते २०१० या काळातली. पण आता आपल्याकडेही शाळेचा टॅब, शाळेचं ॲप, शाळेचा ई-मेल पत्ता असं एकेक येऊ लागलंय, म्हणून ती आत्ता सांगावीशी वाटली. पालकांनीही वाचावी. (आणि खरं तर आम्हा शिक्षकांनी सर्वांत आधी!)

फिलाडेल्फिया हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मोठं शहर. त्याच्या पश्चिमेला लोअर मेरियन नावाचा सुखवस्तू लोकांचा भाग आहे. अमेरिकेत एकेका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार तिथली स्थानिक संस्था पाहते. तिला तिकडे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपण सोयीसाठी 'शाळा मंडळ' म्हणू. लोअर मेरियनच्या या शाळा मंडळाची दोन हायस्कुलं होती. एकाचं नाव हॅरिटन, दुसऱ्याचं लोअर मेरियन हायस्कूल. २००८ च्या सप्टेंबरमध्ये मंडळाने हॅरिटनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक लॅपटॉप दिला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेतल्या मुलांनाही दिला. सगळे मिळून सुमारे २,३०० लॅपटॉप! शाळेत वापरायचे आणि घरीही न्यायचे. २००८ सालची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या. तेव्हा आपल्याकडे एका संगणकासमोर तीन-तीन मुलं दाटीवाटीने बसत आणि माऊस कोणाच्या हातात यावरून भांडणं होत.

आता एवढे महागडे लॅपटॉप मुलांच्या दप्तरातून फिरणार, तर चोरीची भीती आलीच. म्हणून मंडळाने त्यांत एक सॉफ्टवेअर घातलं होतं. त्याचं नाव लॅनरेव्ह. त्यात एक सोय होती, चोरीचा माग काढण्याची. लॅपटॉप हरवला किंवा चोरीला गेला की मंडळाच्या ऑफिसात बसून ती सोय चालू करायची. मग तो लॅपटॉप जिथे कुठे इंटरनेटला जोडलेला असेल तिथून दर पंधरा मिनिटांनी दोन चित्रं ऑफिसकडे येत. एक, कॅमेऱ्यासमोर जे असेल त्याचा फोटो. दुसरं, त्या वेळी पडद्यावर जे उघडं असेल त्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट. शिवाय लॅपटॉप इंटरनेटला कुठून जोडला आहे याचा पत्ताही कळे. लॅपटॉप वापरणाऱ्याला यातलं काहीही समजत नसे. कसं समजणार? चोराला सांगून त्याचा फोटो कोण काढतं!

ही सोय अगदीच वाईट होती असं मी म्हणणार नाही. एकदा हॅरिटन शाळेच्या जिममधून सहा लॅपटॉप चोरीला गेले. तेव्हा ते परत मिळवण्यासाठी तिचा उपयोग झाला. म्हणजे ज्या कामासाठी आणली ते काम तिने केलं. मग बिनसलं कुठे?

बिनसलं ते दोन साध्या गोष्टींत. ही सोय लॅपटॉपमध्ये आहे, हे मुलांना किंवा त्यांच्या आई-बाबांना कोणी सांगितलंच नाही. आणि ती कधी चालू करायची, कोणी करायची, मुख्य म्हणजे बंद कधी करायची, याचा नियमच कुठे लिहिलेला नव्हता.

त्यामुळे काय काय झालं पाहा. एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप शाळेतच राहिला. तो हरवला असं समजून माग काढणं सुरू झालं. ठीक आहे. लॅपटॉप सापडला, मुलाला परतही मिळाला. पण माग काढणं बंद करायचं राहून गेलं! तो मुलगा लॅपटॉप घेऊन घरी गेला, अभ्यास केला, मित्रांशी गप्पा मारल्या, आणि दर पंधरा मिनिटांनी कॅमेरा आपला फोटो काढत राहिला. जवळजवळ दोन महिने. फोटो आणि स्क्रीनशॉट मिळून हजारावर चित्रं जमली. त्याला या गोष्टीचा पत्ता लागला तो कित्येक महिन्यांनी, मंडळाचं पत्र घरी आलं तेव्हा.

दुसरा एक मुलगा पंधरा वर्षांचा होता. लॅपटॉप घरी न्यायचा तर ५५ डॉलर विम्याचे भरावे लागत, ते त्याच्या घरून भरलेले नव्हते. म्हणजे त्याने लॅपटॉप शाळेबाहेर न्यायला नको होता, असं मंडळाचं म्हणणं. म्हणून त्याच्या लॅपटॉपचा माग सुरू केला गेला. आता सांगा, पैसे भरायचे राहिले तर एरवी शाळा काय करते? दप्तरात चिठ्ठी देते, आई-बाबांना बोलावते. इथे काय झालं, तर दोन आठवड्यांत त्याची चारशेवर चित्रं निघाली. एका फोटोत तर तो आपल्या पलंगावर गाढ झोपलेला होता.

आणि मग ११ नोव्हेंबर २००९ रोजी शाळेच्या उपमुख्याध्यापक बाईंनी त्याला बोलावलं. तो घरात काही गैर करतो असा त्यांचा समज झालाय आणि पुरावा म्हणून त्याच्याच खोलीतला फोटो दाखवला गेला, असं त्याच्या घरच्यांनी पुढे कोर्टात सांगितलं. फोटोत त्याच्या हातात काहीतरी गोळ्यांसारखं दिसत होतं. नशेच्या गोळ्या, असा संशय. मुलगा म्हणाला, "गोळ्या आहेत, पण खायच्या!" तिकडे माइक अँड आइक नावाच्या लांबट, रंगीत गोळ्या मिळतात, दिसायला अगदी औषधाच्या कॅप्सूलसारख्या. बाईंनी आपल्यावरचे आरोप जाहीरपणे नाकारले. त्या दिवशी खोलीत नेमकं कोण काय बोललं हा वाद आपण सोडून देऊ. पण घरातला फोटो शाळेत पोचलाच कसा, हा प्रश्न काही सुटत नव्हता. २०१० च्या फेब्रुवारीत त्याचे आई-बाबा मंडळाविरुद्ध कोर्टात गेले आणि जगभर बातमी झाली.

आता त्या हिरव्या दिव्याकडे येऊ. कॅमेऱ्याने फोटो काढला की दिवा क्षणभर लागायचा. अनेक मुलांनी तो पाहिला होता. शाळेत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की काहीतरी तांत्रिक बिघाड असेल. काही मुलांना ते पटलं नाही. त्यांनी सरळ कागदाचा तुकडा कॅमेऱ्यावर चिकटवून टाकला. मला या मुलांचं फार कौतुक वाटतं! शंका आली, विचारलं, उत्तर पटलं नाही, तर आपला आपण उपाय केला.

त्याहून कौतुक वाटतं ते आणखी एका विद्यार्थ्याचं. २००८ च्या उन्हाळ्यात, लॅपटॉप वाटायच्या आधीच, तो मंडळाच्या संगणक विभागात काम शिकायला जात होता. हे सॉफ्टवेअर काय काय करू शकतं हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने विभागाच्या प्रमुखांना ई-मेल लिहिला. त्याचं सांगणं साधं होतं. लॅपटॉपमध्ये असं काही असेल तर निदान मुलांना आणि पालकांना तसं कळवा. उत्तर आलं, की आपली माणसं मुलांच्या घरात डोकावणं शक्यच नाही, तू जरा शांत हो. झालं! विषय तिथेच मिटला. दीड वर्षाने कोर्टात जे सगळं निघालं ते या मुलाने आधीच लिहून ठेवलं होतं. मोठी माणसं मुलांचं ऐकून घेतात, असं आपण म्हणतो खरं...

कोर्टात प्रकरण गेल्यावर मंडळाने वकिलांकडून चौकशी करवली. तिचा अहवाल मे २०१० मध्ये आला. या सोयीने एकूण ६६ हजारांवर चित्रं काढली होती. त्यातली निम्म्याहून जास्त त्या चोरीच्या सहा लॅपटॉपची होती, हे खरं. पण बाकीची? त्यांत मुलांची घरं होती, मुलांचे चेहरे होते, त्यांच्या गप्पा होत्या. कोणी मुद्दाम ठरवून मुलांवर पाळत ठेवल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. मात्र नियम नव्हते, नोंदी धड नव्हत्या, घरी कळवलं नव्हतं, हे सगळं अहवालात स्पष्ट आलं. संगणक विभागातल्या दोन कर्मचाऱ्यांचे ई-मेलही उजेडात आले. ही चित्रं बघणं म्हणजे छोटी मालिका बघितल्यासारखं आहे, असं एकीने लिहिलं होतं, आणि मला तर ते फार आवडतं, असं दुसरीने कळवलं होतं. दुसऱ्याचं घर ही यांची करमणूक! वाईट माणसंच असं करतात असं नाही हं. रोजच्या कामात बसलेली, आपल्यासारखीच माणसं. समोर खिडकी उघडी असली की नजर जातेच. म्हणून तर खिडकीला पडदा लागतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मे २०१० मध्येच न्यायाधीशांनी मंडळाला कॅमेरा असा दुरून चालू करायला मनाई केली. ज्यांची चित्रं निघाली होती त्यांना ती पाहायला मिळावीत, असंही ठरलं. सरकारी वकिलांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, की गुन्हा करायचा हेतू दिसत नाही, म्हणून खटला भरणार नाही. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. मंडळाने ६ लाख १० हजार डॉलर द्यायचे. त्यातले १ लाख ७५ हजार त्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी, १० हजार दोन महिने फोटो निघालेल्या मुलासाठी आणि उरलेले ४ लाख २५ हजार वकिलांना. (वकिलांचा वाटा पाहिलात!)

आपल्या मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. आई झोळीतल्या बाळावर *लक्ष ठेवते*. मुकादम कामावर *देखरेख करतो*. पोलीस संशयितावर *पाळत ठेवतात*. आणि दाराच्या फटीतून कोणी बघत असेल तर आपण म्हणतो, तो *चोरून बघतो*. डोळे तेच, पाहणंही तेच. फरक कशात आहे? ज्याच्याकडे पाहिलं जातं त्याला ते माहीत आहे की नाही, यात. परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक वर्गातून फिरतात, त्याचं तुम्हाला काही वाटत नाही. ते दिसतात, त्यांच्या चपलांचा आवाज येतो, घंटा झाली की ते निघून जातात. पण तेच पर्यवेक्षक संध्याकाळी तुमच्या माजघरात कपाटामागे उभे असतील तर?

आम्ही प्राथमिक शिक्षक गृहभेटीला जातो. पटावरचं मूल चार दिवस आलं नाही की त्याच्या घरी जायचं, काय झालं ते बघायचं. पण जायचं म्हणजे दारात उभं राहून हाक मारायची. "आहे का कोणी घरात?" मग आजी येणार, "या बाई, बसा" म्हणणार, पाण्याचा तांब्या पुढे करणार. हाक मारल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही, आणि या म्हटलं तरी आतल्या खोलीत जात नाही. हे मला डी.एड.च्या वर्गात कोणी शिकवलं नाही. शिकवायची गरजच नव्हती. लोअर मेरियनमध्ये शाळा उंबरठा ओलांडून थेट आतल्या खोलीत गेली, हाक न मारता.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आता तर कोणी असं करत नसेल. कॅमेऱ्याचं म्हणाल तर त्या प्रकरणानंतर शाळा सावध झाल्या. पण पाहण्याची दुसरी रीत वाढली. आता फोटो नको, तुम्ही लिहिता काय ते वाचलं की पुरे!

त्याचं मूळ जरा मागे आहे. अमेरिकेत २००० साली मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा एक कायदा झाला. इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर शाळांनी वाईट चित्रं अडवणारी गाळणी बसवावी आणि मुलं इंटरनेटवर काय करतात यावर देखरेख ठेवावी, असं तो सांगतो. पण गंमत म्हणजे, अमक्या एका मुलाने काय काय पाहिलं याचा माग ठेवा, असं आम्ही सांगत नाही, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. कायदा एवढा जपून बोलला, पण शाळा पुष्कळ पुढे गेल्या. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, लाखो मुलांच्या हाती शाळेचे लॅपटॉप आले आणि त्यांच्यासोबत देखरेखीची सॉफ्टवेअर्सही घरोघर पोचली.

त्यांतलं एक गॅगल नावाचं. शाळेच्या खात्यावर मुलं जे लिहितात, जी चित्रं ठेवतात, ते सगळं हे सॉफ्टवेअर चाळतं. धोक्याचं काही दिसलं की शाळेला कळवतं. कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांनी ते घेतलं होतं. पुढे एका वृत्तसंस्थेने तिथली आकडेवारी तपासली. दहा महिन्यांत सुमारे १,२०० सूचना आल्या होत्या आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश प्रकरणांत काळजीचं काहीच नव्हतं! एका मुलीने मैत्रिणीचा निबंध तपासून दिला, त्यात 'मानसिक आरोग्य' हे शब्द होते, तर तेवढ्यावरून सूचना गेली. कलेच्या विद्यार्थ्यांनी काढलेले साधे फोटो अश्लील ठरवले गेले. संगणकाला शब्द दिसतो, पण तो कोणी, कशासाठी लिहिला हे कळत नाही. तिथल्या शाळेच्या वार्ताहर मुलांनी मग मंडळाशी भांडून आपलं लेखन या चाळणीतून सोडवून घेतलं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आजी-माजी विद्यार्थी कोर्टात गेले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. या शाळांचं म्हणणं असं, की एखादं मूल फार दुःखी असतं, स्वतःला इजा करायचे विचार त्याच्या मनात येतात, ते कोणाशी बोलत नाही पण कुठेतरी लिहून ठेवतं. ते वेळेवर कळल्यामुळे आम्ही काही मुलांपर्यंत पोचलो. हे म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ज्या शिक्षकाने असं एक मूल गमावलंय, त्याला जाऊन तुम्ही 'खासगीपणा'वर भाषण देऊन बघा! पण मी उलटही विचार करते. आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचतंय हे कळलं, की ते मूल तिथे लिहायचंच बंद करेल. मग त्याचं दुःख कोणाला दिसणार? ज्या बाईंजवळ जाऊन रडता येईल अशा एक बाई शाळेत असणं, हे काम सॉफ्टवेअर विकत घेऊन होत नाही. त्याला वेळ लागतो आणि वर्गात मुलं कमी लागतात.

आणि गोळा केलेलं सांभाळायचं कोणी? वॉशिंग्टन राज्यात व्हँकूव्हर नावाचं शहर आहे (कॅनडातलं नव्हे, हे निराळं). तिथल्या शाळा मंडळाकडे पत्रकारांनी माहितीच्या कायद्याखाली या देखरेखीचे कागद मागितले. मंडळाने दिले. पण त्यांत जवळजवळ ३,५०० कागद असे गेले, की मुलांची नावं झाकायचीच राहिली! कोणी मनातलं दुःख लिहिलेलं, कोणी घरातल्या गोष्टी. मुलांच्या भल्यासाठी गोळा केलेलं, आणि मंडळाच्याच हातून बाहेर गेलेलं. पत्रकारांनी मुलांची नावं छापली नाहीत, म्हणून बरं.

घरून लिहिलेल्या गोष्टीवर शाळेचा हक्क किती, हा प्रश्न तिकडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तीही पेनसिल्व्हेनियाचीच गोष्ट. शाळेच्या चिअरलीडर संघात, म्हणजे सामन्याच्या वेळी आपल्या खेळाडूंना नाचून-ओरडून चेतवणाऱ्या संघात, नववीतल्या एका मुलीला वरच्या गटात जागा मिळाली नाही. शनिवारी, दुकानात बसून, रागाच्या भरात तिने स्नॅपचॅटवर शाळेला आणि संघाला चार शिव्या घातल्या. तिथे टाकलेलं चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ती निर्धास्त. पण दुसऱ्या एका मुलीने त्याचा फोटो काढून ठेवला आणि तो प्रशिक्षक बाईंपर्यंत पोचला. (पुसलं जातं म्हणे!) तिला वर्षभरासाठी संघातून काढलं. जून २०२१ मध्ये नऊपैकी आठ न्यायाधीशांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. शाळेबाहेर कोणाला धमकावलं, कोणाचा छळ केला तर शाळेला लक्ष घालता येईल. पण मूल चोवीस तास काय बोलतं यावर शाळेचा हक्क नाही. तिने लिहिलेलं काही शोभणारं नव्हतं. तरी निकाल मला योग्य वाटतो.

आता आपल्याकडे. मुलांनाही खासगी आयुष्य असतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात १९८९ सालीच लिहिलंय, त्याच्या सोळाव्या कलमात. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो खटला न्यायमूर्ती पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी दाखल केला होता. मग २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-बाबांची संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, असं त्याच्या नवव्या कलमात आहे. वाचून बरं वाटलं! पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले, तेव्हा त्यांत शाळांना सूट दिलेली दिसली. शिक्षणाच्या कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी असेल तर शाळेला माग ठेवता येईल. हे नियम जाहीर झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. 'सुरक्षिततेसाठी' हा शब्द केवढा मोठा आहे! लोअर मेरियनचं सॉफ्टवेअरही सुरक्षिततेसाठीच होतं की, लॅपटॉपच्या.

बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी काळ्या चौकटींचा क्यूआर कोड असतो. तो उघडला की तुम्ही 'दीक्षा' या सरकारी ॲपवर जाता. कोरोनाच्या काळात त्याचा किती आधार होता, हे मी पाहिलंय. त्याच दीक्षाची माहिती ज्या संगणकावर ठेवली होती, तो नीट कुलूपबंद नव्हता, असं जानेवारी २०२३ मध्ये उघड झालं. दहा लाखांवर शिक्षकांची नावं, फोन नंबर आणि जवळजवळ सहा लाख विद्यार्थ्यांची नावं, शाळा अशी माहिती कोणालाही पाहता येण्यासारखी पडून होती. मुलांचे फोन आणि ई-मेल अर्धवट झाकलेले होते, एवढंच. चोरून बघायची कोणाला गरजच नव्हती, दार उघडंच होतं.

पालकहो, इथे तुमच्याशी दोन शब्द. मुलांच्या फोनवर लक्ष ठेवू नका, असं मी म्हणत नाही. लहान मुलाला भरल्या रस्त्यावर हात धरूनच न्यायचं असतं. पण मूल झोपल्यावर त्याचा फोन उशीखालून काढून वाचणं, आणि "रविवारी आपण दोघं मिळून तुझा फोन बघू" असं सांगून बघणं, यांत फरक आहे. मुलाला तो बरोबर कळतो. आणि शाळा प्रवेशाच्या वेळी जो संमतीचा कागद पुढे करते, त्यावर सही करण्यापूर्वी तो एकदा वाचा. मी दर जूनमध्ये पाहते, नव्वद टक्के सह्या उभ्या-उभ्या होतात.

आणि मुलांनो, शाळेने टॅब दिला, खातं उघडून दिलं, तर ते शाळेचं आहे हे धरून चाला. त्यावर मैत्रिणीला गुपितं लिहू नका. कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा लावायला तर पैसेही पडत नाहीत! पण त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे विचारणं. त्या उन्हाळ्यात काम शिकायला गेलेल्या मुलाने विचारलं तसं. संगणकाच्या सरांना विचारा: सर, यातून तुम्हाला आमचं काय काय दिसतं? कोणाकोणाला दिसतं? घरी नेल्यावरही दिसतं का? आणि जमवलेलं पुसून कधी टाकता? उद्धटपणे नको, वर्गात प्रश्न विचारता तसंच. सरांना उत्तर माहीत नसेल तर तेही मुख्याध्यापकांना विचारतील, मुख्याध्यापक कंपनीला विचारतील. एखादा प्रश्न वर चढत जातो तो असाच.

मिळालेली उत्तरं वहीत तारीख घालून उतरवून ठेवा, शेवटच्या प्रश्नाचं तर नक्कीच. लोअर मेरियनमध्ये ते माग काढणं बंद करायचं कोणी, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.